‘ट्रेफाइन’चा पी-एच ग्रीक नाही

वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश फिरतो आहे. त्यात म्हटले आहे, की कवटीत गोल भोक पाडणाऱ्या ‘ट्रेफाइन’चे नाव ग्रीक ‘ट्रुपॅनॉन’वरून आले, म्हणून त्याच्या इंग्रजी स्पेलिंगात पी-एच (ph) आहे, पोर्तुगीजांनी ‘त्रेफिना’ लिहून ते बिघडवले, आणि ‘ट्रिफीन’ हा उच्चार अडाणीपणाचा. तिन्ही विधाने चुकीची आहेत.

ग्रीक शब्द खरा, पण तो ‘ट्रेपॅन’ या जुन्या हत्याराचा. ट्रुपॅनॉन म्हणजे गिरमिट. हिप्पोक्रॅटिस या प्राचीन ग्रीक वैद्याच्या नावावरील डोक्याच्या जखमांच्या ग्रंथात ते वारंवार काढून थंड पाण्यात बुडवायला सांगितले आहे, कारण फिरण्याच्या उष्णतेने हाड भाजते. या ग्रीक शब्दात पाय (π, ‘प’) हे अक्षर आहे, फाय (φ, ‘फ’) नव्हे. त्यातला उप्सिलॉन हा स्वर ‘ट्रिपॅनोसोमा’ या परजीवीच्या आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेतल्या ‘ट्रिपॅन ब्लू’ या रंगाच्या नावात वाय म्हणून टिकला. ‘ट्रेपॅन’मधला ई मध्ययुगीन लॅटिनमार्गे आला.

ट्रेफाइन सतराव्या शतकातल्या जॉन वुडॉल या इंग्रज शल्यविशारदाचे. ट्रेपॅन सुताराच्या ड्रिलसारखे दोन्ही हातांनी चालवावे लागे. वुडॉलने आडवी मूठ बसवली, त्यामुळे एका हाताने मनगट पुढे-मागे वळवून काम होते. नावाची फोड त्यानेच लॅटिनमधून दिली: ‘ट्रेस फिनेस’, तीन टोके. ट्रेपॅनचा नाद त्याच्या कानात असेलही, पण त्याने एफ लिहिला. पी-एच मागाहून चिकटला.

दोन्ही हत्यारांत दातेरी गोल पात्याच्या मधोमध टोकदार खीळ असते आणि वापरताना चूक तिथेच होते. सुरुवातीला ती दात घसरू देत नाही; पण खाच पडताच ती वर घ्यावी लागते, नाहीतर दातांआधी तिचे टोक मेंदूच्या आवरणात घुसते.

पोर्तुगीजांनी काही बिघडवले नाही. 1911च्या लेखनसुधारणेत त्यांनी सगळेच पी-एच काढून एफ केले. पणजीतल्या पाट्यांवरच्या ‘फार्मासिया’त मूळ ग्रीक फाय खरोखर होता, तिथेही आज एफच आहे. म्हणजे पोर्तुगीज एफवरून व्युत्पत्ती ठरत नाही. 1842 साली पणजीत सुरू झालेल्या, पुढे बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाची पूर्वज ठरलेल्या वैद्यकीय शाळेचे शिक्षण पोर्तुगीजमध्येच होते. तिच्या परंपरेतले ‘त्रेफिना’ अशुद्ध ठरवणे अन्यायाचे आहे. योगायोगाने तो एफ वुडॉलच्याच अक्षराशी जुळतो.

उच्चार? इंग्रजी कोशांत ‘ट्रिफाइन’ आणि ‘ट्रिफीन’ दोन्ही आहेत. अस्थिमज्जेच्या अहवालावर ‘ट्रेफाइन बायोप्सी’ (हाडातून मज्जेचा नमुना काढून केलेली तपासणी) वाचताना यांपैकी कोणताही चालेल.