बास्केटबॉलच्या गुडघ्याला कोणी विचारत नाही

नमस्कार काका,

तुमची प्रतिक्रिया सोमवारीच वाचली. लगेच लिहिलं असतं तर तिखट झालं असतं, म्हणून चार दिवस थांबले. अमेरिकी सैन्यातून निवृत्त झालेल्या बायकांच्या भरपाईवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "ताई, पाळीचा त्रास घराघरांत असतो. त्याचं बिल सैन्याच्या नावावर कशाला फाडायचं? आम्ही सियाचीनवर बोटं गमावलेली पोरं बघितली आहेत." त्या पोरांशी कुणाची बरोबरी लावायची नाहीये मला.

पण सैन्यामुळे झालं का, हा तुमचा प्रश्न अमेरिकेचा कायदा बहुतेक वेळा विचारतच नाही. सेवेत असताना झालं का, किंवा आधीचं दुखणं सेवेत बळावलं का, एवढंच तो बघतो. भरतीच्या तपासणीत काही नोंदलं नसेल, तर माणूस धडधाकट होता असंच धरून चालतात. तळावर बास्केटबॉल खेळताना गुडघा गेला, तरी भरपाईचा दावा मंजूर होऊ शकतो. सगळ्यात जास्त माजी सैनिकांना भरपाई कशासाठी मिळते माहितेय? कानात सतत शीळ वाजते म्हणून! ही व्याख्या फार सैल आहे असं तुमचं म्हणणं असेल, तर त्यावर वाद घालता येईल. पण मग ती गुडघ्यालाही आवळा, एकट्या गर्भाशयाला नको.

घराघरांतल्या त्रासाचं म्हणाल, तर नियमातच स्पष्ट लिहिलंय की नैसर्गिक रजोनिवृत्ती, गरोदरपण आणि बाळंतपण हे अपंगत्व नाही. बाळंतपणात गुंतागुंत होऊन कायमचं काही मागे राहिलं, तरच विचार होतो. पाळी येते म्हणून कुणाला दमडी मिळत नाही.

एंडोमेट्रिओसिसचं बघा, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार. निदान लॅपरोस्कोपीने, म्हणजे पोटात दुर्बीण घालून, झालेलं असलंच पाहिजे, सोनोग्राफीवर भागत नाही. औषध सतत घेऊन आटोक्यात असेल तर 10 टक्के अपंगत्व धरतात, उपचारांनीही वेदना किंवा रक्तस्राव आवरत नसेल तर 30, आणि आतडं किंवा मूत्राशयही त्यात सापडून त्यांचाही त्रास असेल तर 50. अडचण पुराव्याची आहे. तुमच्या एमआय रूमसारख्या दवाखान्यात पोरगी कळवळत जाते, तिला आयब्युप्रोफेन ही वेदनाशामक गोळी देऊन परत पाठवतात. (काहीही झालं तरी आयब्युप्रोफेन घे आणि पाणी पी, हा तिकडच्या सैनिकांचा जुना विनोद.) कागदावर उरतं फक्त 'पोटदुखी'. कित्येकदा तेवढंही नाही, कारण रडकी म्हणतील म्हणून ती गेलेलीच नसते. लॅपरोस्कोपी होते ती नोकरी सुटल्यावर, आणि मग त्या 'पोटदुखी'चा या निदानाशी धागा जोडणारं डॉक्टरांचं मत आणावं लागतं. त्यात एक दिलासा आहे. दोन्ही पारडी सारखी असली, तर कौल सैनिकाच्या बाजूने द्यायचा, असा कायदाच आहे.

गर्भाशय काढलं तर तीन महिने 100 टक्के, पुढे 30. दोन्ही अंडाशयंही गेली तर पुढे 50. शिवाय जननेंद्रिय गमावल्याची वेगळी मासिक रक्कम असते. वृषण गमावलेल्या पुरुषालाही तीच मिळते, त्यावर मात्र मी कुणाला भुवया उंचावताना पाहिलेलं नाही.

'सेवेमुळे झालेलं किंवा सेवेमुळे वाढलेलं' ही आपल्याकडची कसोटी तुमच्या मनात असणार. पण 2013चा धर्मवीर सिंग निकाल आठवा. त्या जवानाला फेफरं यायचं म्हणून घरी पाठवलं आणि अपंगत्व पेन्शन नाकारली. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, भरतीच्या वेळी नोंद नव्हती ना, मग हा आजार सेवेतला नाही हे सरकारने सिद्ध करावं. फेफरंसुद्धा गावोगावी असतंच की, काका.

एका जागी मात्र तुम्ही मला बरोबर पकडलंत. आखाती युद्धातल्या बायकांना पाळीच्या कुठल्याही तक्रारीवर भरपाई मिळते, असं मी ठोकून दिलं होतं. ते चूक आहे. तिथे सेवा झालेली हवी, त्रास सहा महिने किंवा जास्त टिकलेला हवा, आणि तपासण्या करूनही त्याचं निदान झालेलं नसावं. लेखातलं ते वाक्य आज बदललं आहे.