कल्पना चावलाबद्दल मुलांना पूर्ण सांगा

चांद्रयान-३ उतरलं तेव्हा तुम्ही कुठे होतात, असं कुणालाही विचारा, उत्तर तयार असतं. २३ ऑगस्ट २०२३, संध्याकाळचे सहा वाजून चार मिनिटं. माझाही ऊर भरून आला होता त्या दिवशी. पण अंतराळाचा विषय निघाला की माझं मन आधी जातं ते १ फेब्रुवारी २००३ कडे. त्या दिवसाबद्दल आपण फार कमी बोलतो आणि जे बोलतो ते अर्धंच.

शनिवार होता. मी बारावीला, सांगलीत. कपाटाच्या दाराला आतून कल्पना चावलाचा वर्तमानपत्रातला फोटो चिकटवलेला, १९९७ च्या पहिल्या उड्डाणाच्या वेळचा. सोळा दिवसांची मोहीम संपवून, कल्पनाला घेऊन गेलेलं नासाचं कोलंबिया हे अंतराळयान आपल्याकडच्या पावणेआठच्या सुमारास फ्लोरिडात उतरणार होतं. आई टीव्हीसमोर मटार सोलत बसलेली. आणि पडद्यावर टेक्सासचं सकाळचं निळं आकाश, त्यात एक पांढरी रेघ, बघता बघता तिच्या तीन-चार रेघा झालेल्या. मला वाटलं, असंच दिसत असेल यान खाली येताना. बाबा काहीच बोलले नाहीत, नुसते उठून उभे राहिले. आईच्या हातातली शेंग तशीच राहिली. त्या रात्री आमच्याकडे कुणी नीट जेवलं नाही. कर्नालच्या त्या मुलीला आम्ही कधी पाहिलेलं नव्हतं, तरी घरातलं माणूस गेल्यासारखं झालं होतं.

दरवर्षी शाळांमध्ये तिच्यावर भाषणं होतात. लहान गाव, मोठं स्वप्न, जिद्द आणि शेवटी ‘ती ताऱ्यांमध्ये विलीन झाली’. मला हे वाक्य सहन होत नाही. ती विलीन झाली नाही. तिचा आणि तिच्या सहा सहकाऱ्यांचा जीव गेला आणि त्याला कारण होतं.

१६ जानेवारीला उड्डाणानंतर ८२ व्या सेकंदाच्या आसपास बाहेरच्या इंधनटाकीवरचा फोमचा एक तुकडा सुटून डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर आदळला. वजन जेमतेम पाऊण किलो, पण वेग ताशी आठशे किलोमीटरच्या वर. दुसऱ्याच दिवशी चित्रीकरणात हे दिसलं. काही इंजिनिअर अस्वस्थ झाले. पंखाचे फोटो कक्षेतच काढून मिळावेत म्हणून त्यांनी मागणी केली, पण ती पुढे जाऊ दिली गेली नाही. फोम पूर्वीही सुटला होता, तेव्हा काही झालं नव्हतं, मग आताही होणार नाही, हा हिशेब. यानातल्या मंडळींना ईमेलने कळवलं गेलं की काळजीचं कारण नाही. परतताना त्याच पंखात तापलेला वायू शिरला आणि यानाचे तुकडे झाले. चौकशी मंडळाने ऑगस्ट २००३ च्या अहवालात स्पष्ट म्हटलं की या अपघाताला फोम जितका जबाबदार, तितकीच नासाची कामाची रीतही जबाबदार.

हे मुलांना का सांगायचं नाही? उद्या यातलीच काही पूल बांधतील, औषधं तपासतील, रेल्वेचे सिग्नल सांभाळतील. ‘मागच्या वेळी काही झालं नव्हतं’ हे वाक्य त्यांच्या कानावर रोज पडणार आहे.

आपल्याकडे मेटसॅट या हवामान उपग्रहाला कल्पना-१ हे नाव दिलं. पावसाळ्यात ढगांच्या चित्रासोबत ते नाव दिसलं की मला फार बरं वाटायचं. नाव रोजच्या कामात राहिलं.

आणखी एक गोष्ट. जुलै २००५ मध्ये डिस्कव्हरी हे कोलंबियासारखंच यान उडालं तेव्हा फोमचा मोठा तुकडा पुन्हा सुटला. या वेळी मात्र कॅमेरे लावलेले होते. अंतराळ स्थानकाजवळ यानाने कोलांटी घेऊन आपलं पोट दाखवलं, तिथून फोटो काढले गेले, तपासले गेले. सातही जण सुखरूप उतरले.

माझी लेक यंदा शाळेत कल्पनावर बोलणार आहे. भाषणाला तीन मिनिटं मिळतात. कल्पनाचं बालपण आम्ही दोन वाक्यांत आटोपलंय, बाकी सगळी जागा फोमला आणि त्या नाकारलेल्या फोटोंना दिलीय.