उन्हाळ्यात अंगावर उठतं ती ‘आतली उष्णता’ नव्हे

मार्च संपत आला की एक संदेश घरोघरीच्या ग्रुपवर फिरू लागतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: घामोळ्या, गळवं, गजकर्ण, चेहरा काळवंडणं, सगळ्याचं कारण एकच. अंगातली उष्णता कातडीवाटे बाहेर पडते. ती पडू द्यावी, औषधाने ‘आत दाबू’ नये. मुलांना पावडर भरपूर लावावी, घामोळ्यांवर लिंबू चोळावं, गळू आलं तर आंबा बंद करावा. आणि सनस्क्रीन गोऱ्या लोकांसाठी असतं, आपल्या सावळ्या कातडीला त्याची गरज नाही.

पाठवणाऱ्याच्या मनात काळजीच असते. पण चार वेगवेगळ्या दुखण्यांना एकच कारण चिकटवलं की चारही ठिकाणी उपाय चुकतो, आणि सोसावं लागतं ते बहुतेक वेळा लहान मुलांना.

‘उष्णता बाहेर पडते आहे.’ घामोळ्यांत घडतं ते नेमकं उलटं. माणसाच्या कातडीत २० ते ४० लाख घामाच्या ग्रंथी असतात. बाळ त्या सगळ्या घेऊनच जन्माला येतं, पण अंग केवढंसं! त्यामुळे त्या दाटीवाटीने असतात आणि त्यांच्या नळ्याही अजून कच्च्या असतात. घाम येतच राहिला आणि वर कापड घट्ट बसलं की नळीचं तोंड बुजतं आणि घाम कातडीतच झिरपतो. अगदी वरच्या थरात अडकला तर दवबिंदूंसारखे पारदर्शक फोड, जरा खाली अडकला तर लाल, टोचणारं पुरळ. म्हणजे बाहेर यायला हवं ते आत राहिलेलं असतं.

आपल्याकडे भर मे महिन्यातही तान्ह्या बाळाला ‘वारं लागेल’ म्हणून टोपडं, झबलं आणि वर दुपट्याची गुंडाळी असते. अशा बाळाच्या मानेची वळी हलकेच उचलून पाहा, पुरळ बहुधा तिथेच आधी दिसतं. मग काखेत, जांघेत, पाठीवर. टोपडं काढा, मलमलचं एक सैल झबलं पुरे. पंखा चालू असू द्या. कोमट पाण्याने अंघोळ घालून वळ्या न घासता टिपून कोरड्या करा. मालिश केली असेल तर तेल अंगावर राहू देऊ नका. एवढ्याने बहुतेक घामोळ्या काही दिवसांत ओसरतात. खाज फार असेल तर कॅलामाइन लोशन चालतं. पुरळात पू दिसला किंवा बाळाला ताप आला तर मात्र डॉक्टरांकडे न्या.

‘पावडर भरपूर लावा.’ अजिबात नको. घाम आणि पावडर मिळून मानेच्या वळीत पांढरा चिकट लगदा होतो आणि आधीच लाल झालेली कातडी त्याने घासली जाते. त्याहून काळजीची गोष्ट श्वासाची आहे. बऱ्याच पावडरींत असणारं टाल्क म्हणजे खनिजाची बारीक पूड; डबा झटकला की तिचा ढग बाळाच्या नाकातोंडाशीच उडतो आणि फुप्फुसात जाऊ शकतो. म्हणून अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ अनेक वर्षं बाळांना ती लावू नका असं सांगत आले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तर २०२४ मध्ये टाल्कला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकलं.

लिंबाचं थोडक्यात. लिंबाचा रस कातडीच्या मानाने कितीतरी आंबट असतो, सोललेल्या पुरळावर तो आग करणारच. शिवाय लिंबातल्या काही द्रव्यांवर ऊन पडलं की कातडी भाजल्यासारखी होते, फोड येतात आणि मागे राहिलेले तपकिरी डाग जायला कित्येक महिने लागू शकतात. लिंबू सरबतात घाला.

आता आंबा. ‘आंबा उष्ण, म्हणून गळवं येतात’ हे आपण सगळे ऐकत मोठे झालो. गळू किंवा केसतोड होते ती केसाच्या मुळाशी स्टॅफिलोकॉकस नावाचे जंतू शिरल्याने. घाम, ओलसर घट्ट कपडे, खाजवणं यांमुळे त्यांना वाट मिळते, आणि हे सगळं नेमकं आंब्याच्याच दिवसांत असतं. हंगाम एक, म्हणून आंब्यावर आळ. आंब्याचा खरा त्रास वेगळाच आहे, तो चिकाचा. देठ तुटला की पातळ, उग्र वासाचा चीक उडतो. तो ओठाच्या कडेला, हनुवटीवर, मनगटावर लागला की कातडी भाजते आणि काळा डाग पडतो. म्हणून बागेत फळ थोडा देठ ठेवून उतरवतात. घरी देठाकडचा भाग कापून टाका, आंबा पाण्यात ठेवून चोळून धुवा, मुलाचं तोंड लगेच धुवा आणि खुशाल खाऊ द्या. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी बेतानेच.

गळू दाबून फोडू नका, विशेषतः नाकाजवळचं आणि वरच्या ओठावरचं. कोमट पाण्यात बुडवून पिळलेल्या स्वच्छ फडक्याने दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा शेक द्या. लाली पसरत गेली, ताप आला तर डॉक्टरांकडे जायला थांबू नका. मोठ्या माणसाला पुन्हापुन्हा गळवं होत असतील तर आंबा सोडण्याआधी रक्तातली साखर तपासा.

‘सावळ्या कातडीला सनस्क्रीन नको.’ यात थोडं तथ्य आहे, ते मान्य करायला हवं. कातडीला रंग देणाऱ्या मेलॅनिनमुळे आपल्यात त्वचेचा कर्करोग कमी दिसतो. पण अगदी काळ्याभोर आफ्रिकी कातडीचं नैसर्गिक संरक्षणही साधारण एसपीएफ (उन्हापासूनच्या संरक्षणाचा आकडा) १३ इतकंच मोजलं गेलं आहे. आपलं त्याहून कमी. आणि मेमध्ये सूर्य महाराष्ट्राच्या अगदी डोक्यावरून जातो: पहिल्या पंधरवड्यात कोल्हापूर-पुणे, मग मुंबई, शेवटच्या आठवड्यात नागपूर. दुपारी सावली पायाखाली गोळा होते तेव्हा अतिनील किरण सर्वांत तीव्र असतात. वांग गडद होणं, हातावर खाजरं पुरळ उठणं, ही त्याचीच देणगी.

तरी पहिला उपाय बाटलीतला नाही. शेतात साडीवर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून निंदणी करणाऱ्या बाया रोज तो करतात. अकरा ते चार सावली, सैल सुती कपडे, रुंद काठाची टोपी, छत्री. उघड्या राहणाऱ्या भागाला एसपीएफ ३० चं सनस्क्रीन लावा, चेहरा आणि मानेसाठी दोन बोटं भरून, आणि बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ते लावण्याऐवजी उन्हातच नेऊ नका. त्याहून मोठ्या मुलांना झिंक ऑक्साइडचं निवडा.

सर्वांत जास्त नुकसान होतं ते गजकर्णात. ही बुरशी आहे, आणि एकाची दुसऱ्याला लागते. कंबरेला परकराची नाडी आवळते तिथे, घट्ट जीन्सखाली जांघेत, कडा लाल आणि मध्ये फिकट अशी चकती दिसते. ‘उष्णता आहे, जाईल’ म्हणून महिना जातो, तोवर टॉवेलातून ती मुलांपर्यंत पोचते. मग मेडिकलमधून कुणीतरी सांगितलेली ट्यूब येते. तिच्यात बुरशीच्या औषधासोबत तीव्र स्टेरॉइड असलं की दोन दिवसांत खाज थांबते आणि बुरशी खाली पसरत राहते. कातडी पातळ होते, जांघेत कायमचे चरे पडतात. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक स्टेरॉइड क्रीम चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला, तरी ती सहज मिळतात. ज्यांना ज्यांना चकते आहेत त्या घरातल्या सगळ्यांचे उपचार एकदमच व्हायला हवेत, डॉक्टर सांगतील तितके आठवडे, चकते दिसेनासे झाले तरी. टॉवेल वेगळे, कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवलेले. आणि ट्यूबवर क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी काही छापलेलं दिसलं, तर डॉक्टरांनी स्वतः लिहून दिल्याशिवाय ती मुलाच्या अंगाला लावू नका.