केकवरचा फोटो प्लास्टिकचा नाही, पण झेरॉक्समधून काढाल तर होईल

गेल्या आठवड्यापासून एक व्हिडिओ आमच्या तालुक्यातल्या झाडून सगळ्या ग्रुपवर फिरतो आहे. एक माणूस वाढदिवसाच्या केकवरचा छापील फोटो चिमट्यानं उचलतो, काडी लावतो, फोटो भुर्रकन पेटतो आणि मागून आवाज येतो, "पाहा, तुमच्या लेकरांच्या पोटात काय जातंय!" खाली मजकूर आहे. हा कागद प्लास्टिकचा असतो. शाई प्रिंटरची असते, तिनं कॅन्सर होतो. कागदात डुकराची चरबी असते. परदेशात यावर बंदी आहे. आणि शेवटी सल्ला: केकवाले फोटोचे पैसे लुटतात, त्यापेक्षा कोरा वेफर पेपर, म्हणजे फोटो छापायचा तोच खाण्याचा कागद, ऑनलाइन मागवा आणि गावातल्या झेरॉक्सवाल्याकडून त्यावर प्रिंट मारून घ्या.

माझ्या मोठ्या जाऊबाईंनी हा व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली मला उद्देशून लिहिलं, "काऊन वं, लेकराईले प्लास्टिक खाऊ घालतं काय?" घरचा ग्रुप म्हणजे सासरचे, माहेरचे, पुण्याला नोकरीला गेलेले पोट्टे, सगळेच. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात घरूनच केक करते. दुसऱ्याच दिवशी तान्ह्या पोळ्यासाठी ऑर्डर देऊन गेलेल्या बाईंचा फोन आला, केकवर नंदीबैलाचा फोटो नको म्हणून. तेव्हा आता सविस्तर लिहितेच.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. मजकुराच्या पहिल्या ओळीत हा कागद प्लास्टिकचा आहे आणि शेवटच्या ओळीत तोच कागद विकत आणा म्हटलंय. ज्यानं हे लिहिलं त्यानंच ते शेवटपर्यंत वाचलेलं दिसत नाही.

आता ते पेटणं. वेफर पेपरमध्ये बटाट्याचा स्टार्च, पाणी आणि थोडं तेल असतं. त्याचा पातळ घोळ तापलेल्या पाट्यांमध्ये दाबून भाजतात, की कागद तयार. आपल्याकडे उन्हाळ्यात गहू भिजवून, वाटून जो चीक काढतो आणि त्याच्या कुरडया घालतो, तोच हा प्रकार, फक्त गव्हाऐवजी बटाट्याचा. वाळलेली कुरडई चुलीत टाकून पाहा, तीही मस्त पेटते. म्हणून कोणी कुरडईला प्लास्टिक म्हणत नाही. स्टार्च जळतो, साखर जळते, तूप जळतं. काडी लावून काहीही सिद्ध होत नाही. याच काडीवर मागे प्लास्टिकचा तांदूळ, प्लास्टिकची कोबी आणि प्लास्टिकची अंडी निघाली होती, आठवत असेल.

खात्रीच करायची असेल तर काडी ठेवा आणि वाटीत कोमट पाणी घ्या. वेफर पेपरचा तुकडा त्यात सोडला की आधी कडा मुडपतात, मग तो अर्धपारदर्शक होतो, बोटाला बुळबुळीत लागतो, आणि थोडं ढवळलं की त्याचा लगदा होऊन पाणी गढूळ होतं. प्लास्टिक असं विरघळत नाही. दुसऱ्या कोऱ्या तुकड्यावर टिंक्चर आयोडीनचा थेंब टाका, काळा-निळा डाग पडेल. दूध-खव्यातला स्टार्च पकडायला एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेच्या 'डार्ट' या भेसळ ओळखायच्या पुस्तिकेत हीच चाचणी दिली आहे. जपानमध्ये असाच स्टार्चचा पातळ पापुद्रा ओब्लाट नावानं मिळतो, कडू औषधाची पूड त्यात गुंडाळून गिळतात. औषधासोबत माणसं प्लास्टिक गिळत नव्हती.

हे सगळं एक वेळ हसण्यावारी नेता आलं असतं. पण तो शेवटचा सल्ला वाचला आणि माझं डोकं फिरलं. झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट मारा!

झेरॉक्स मशीनमध्ये शाई नसतेच. त्यात टोनर असतो, म्हणजे अगदी बारीक पूड. ती कशाची? पॉलिएस्टर किंवा स्टायरिन-अ‍ॅक्रिलेटची, म्हणजे प्लास्टिकचीच. त्यात थोडं मेण आणि काळ्या रंगासाठी कार्बन ब्लॅक. मशीनमधला तापलेला रोलर ही पूड वितळवून कागदावर चिकटवतो. पीक विम्याच्या फॉर्मची झेरॉक्स हातात येते तेव्हा ती कोमट का असते आणि त्यावर पाण्याचा थेंब पडला तरी अक्षरं का फुटत नाहीत, याचं उत्तर हेच. म्हणजे प्लास्टिकपासून लेकरांना वाचवायला निघालेला हा व्हिडिओ शेवटी तुम्हाला खरंखुरं प्लास्टिक केकवर थापायला सांगतो. शिवाय तो ठिसूळ कागद तापलेल्या रोलरमध्ये अडकला तर मशीन बिघडेल ते वेगळंच. झेरॉक्सवाले भाऊ तुम्हाला सोडणार नाहीत.

घरच्या इंकजेटवर काढू, असंही एका भाच्यानं सुचवलं. तेही नको. साधी इंकजेट शाई कागदासाठी बनवलेली असते, पोटात जाईल या हिशेबानं तिची तपासणी झालेलीच नसते. आणि टाकी रिकामी करून त्याच प्रिंटरमध्ये खाण्याची शाई भरली तरी उपयोग नाही, नळ्यांत आणि हेडमध्ये जुनी शाई राहतेच. ज्या प्रिंटरमध्ये एकदा साधी शाई पडली, तो केकसाठी कायमचा बाद.

"एवढ्याशा शाईनं काय होते बापा" हेही ग्रुपवर येऊन गेलं. त्यांच्यासाठी एकच दाखला देते, शाईचा नाही, चमकीचा. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेनं २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये तो प्रसिद्ध केला. २०१८ मध्ये तिथल्या ऱ्होड आयलंड राज्यात वाढदिवसाचा केक खाऊन सहा मुलांना उलट्या-जुलाब झाले. केकवर गुलाबी-सोनेरी चमकी होती. तपासणीत ती जवळजवळ निव्वळ तांब्याची पूड निघाली. पुढच्या वर्षी मिसुरीमध्ये एक वर्षाच्या बाळाच्या रक्तात शिसं वाढलेलं सापडलं, त्याचाही माग केकवरच्या रंगीत पुडीपर्यंत गेला. अशा डब्यांवर बरेचदा 'नॉन-टॉक्सिक' लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ हात लागला तर चालेल इतकाच, खाल्लं तर चालेल असा नाही. खाण्याच्या वस्तूवर घटकांची यादी असते. सजावटीच्या वस्तूवर ती नसते. आपल्या बाजारातही चमकीच्या डब्या याच दोन जातींच्या असतात, आणि केक सजवणाऱ्या कितीतरी बाया दोन्ही एकाच ड्रॉवरमध्ये ठेवतात. व्हिडिओवाल्याला काळजीच करायची होती तर याची करायची होती.

मग केकवरच्या फोटोची शाई कोणती? पाणी, ग्लिसरीन किंवा प्रोपिलीन ग्लायकॉल, आणि खाण्याचे रंग. मी स्वतः प्रिंट काढत नाही, यवतमाळहून काढून आणते. त्या दुकानात पहिल्यांदा गेले तेव्हा शाईची बाटली मागून घेतली आणि उलटीसुलटी करून वाचली: घटक, एफएसएसएआयचा चौदा आकडी नंबर, हिरवा ठिपका, मुदतीची तारीख. दुकानदाराला राग आला नाही. आला असता तर मी दुसरं दुकान पाहिलं असतं. तुम्हीही तुमच्या केकवाल्याला हे विचारा, तो तुमचा हक्क आहे. अजून एक खूण सांगते. खाण्याच्या शाईनं वेफर पेपरवर काढलेला फोटो सहसा जरा फिका येतो, काळा रंग तपकिरीकडे झुकतो, चेहरे किंचित पिवळट दिसतात. गिऱ्हाईक यावरून माझ्याशी वाद घालतात, "मोबाइलमध्ये तर किती छान दिसते!" केकवरचा फोटो लग्नाच्या अल्बमसारखा कडक काळा आणि चकचकीत असेल, तर तो कुठून काढला हे जरूर विचारा.

कॅन्सरच्या मुद्द्यात मात्र थोडं तथ्य आहे, ते नाइलाजानं का होईना मान्य करते. आपल्याकडे अन्नात आठ कृत्रिम रंगांना परवानगी आहे आणि तीही मर्यादेत, सर्वसाधारणपणे किलोला १०० मिलिग्रॅम. ही मर्यादा सगळे पाळतात असं नाही. कर्नाटकात २०२४ मध्ये तपासलेल्या २३५ केकपैकी १२ नमुन्यांत रंग घातक प्रमाणात सापडले, आणि त्यात रेड वेल्वेट, ब्लॅक फॉरेस्ट यांची नावं गाजली. ते प्रमाण खुद्द केकमधल्या रंगाचं होतं, वरच्या फोटोचं नाही. तळहाताएवढ्या पातळ फोटोत जितका रंग जातो त्याच्या कितीतरी पट रंग लालभडक केकच्या आत असतो. तो केक मात्र सगळे "किती छान लाल झालाय" म्हणत खातात.

आणि हेही सांगून टाकते. हा व्हिडिओ पुढे ढकलणारी अर्धी मंडळी बसस्टँडवर पेपरात बांधलेला गरम आलूबोंडा खातात. तेल शोषलेल्या त्या पेपरावर छापखान्याची शाई असते. एफएसएसएआयनं २०२३ च्या सप्टेंबरमध्ये वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नका म्हणून स्पष्ट बजावलं होतं. त्याचा व्हिडिओ कोणी पाठवला नाही.

डुकराची चरबी: नाही. स्टार्च, पाणी, तेल, त्यात चरबीचा संबंध येत नाही. जिलेटिनच्या पातळ पट्ट्या वेगळ्या, त्या प्राण्यांपासून बनतात, पुडिंगमध्ये वापरतात, दिसायलाही काचेसारख्या असतात. शंका असेल तर पाकिटावर हिरवा ठिपका पाहा, विषय संपला.

परदेशात बंदी: वेफर पेपरवर नाही. बहुतेक गोंधळ झालाय तो टायटॅनियम डायऑक्साइडवरून. हा पांढरा रंग युरोपनं २०२२ मध्ये अन्नात बंद केला. साखरेच्या आयसिंग शीटमध्ये, म्हणजे त्या जाड, मऊ, पांढऱ्याशुभ्र शीटमध्ये तो पांढरेपणासाठी घालतात. साध्या वेफर पेपरला त्याची गरज नसते, म्हणून तर तो किंचित मळकट दिसतो. आयसिंग शीट घेत असाल तर घटक वाचून घ्या, एवढं मात्र मी म्हणेन.

राहिलं लुटीचं. कागद स्वस्त आहे, खरंय. पण पावसाळ्यात पाकीट उघडं राहिलं की तो दमट होऊन वळतो, मे महिन्यात आमच्या उन्हात तडकतो, आणि व्हिप क्रीमवर आधीच लावला तर क्रीमचं पाणी पिऊन सुरकुततो. म्हणून मागून जेलचा पातळ हात देऊन, केक निघायच्या वेळेला लावावा लागतो. एक-दोन फोटो वाया जातातच. त्याचे पैसे कोणीतरी भरणार ना?

एवढं वाचूनही ज्यांना फोटो नकोच आहे, त्यांचा केक मी आनंदानं बिनफोटोचा करून देईन, आणि फोटोचे पैसे लावणार नाही. फक्त ऑर्डर देतानाच सांगा. प्रिंट यवतमाळहून आदल्या दिवशी येते आणि दुकानदार ती परत घेत नाही.