डेनुव्होवर राग आम्हालाही आहे, पण अँटिव्हायरसने तुमचं काय घोडं मारलंय?

भाच्याच्या कॉलेजच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आलाय. तिथून तो जुळे सोलापूरभर फिरला, माझ्या जुन्या ग्रुपांवर आला आणि सात रस्त्याजवळ ज्याच्याकडून मी लॅपटॉपला रॅम टाकून घेतो त्या पोरानेही मला ‘दादा, वाचाच’ म्हणून पाठवला. असले फॉरवर्ड मी उघडतही नाही. पण मग भाच्याचा फोन आला, ‘मामा, विंडोज डिफेंडर कायमचा कसा बंद करायचा? रीस्टार्ट केलं की परत चालू होतोय बे.’ डिफेंडर म्हणजे विंडोजसोबत येणारा अँटिव्हायरस. मग मात्र बसून सगळा फॉरवर्ड वाचला आणि डोकं फिरलं.

इमोजी आणि उद्गारचिन्हं काढून टाकली की फॉरवर्डचं म्हणणं एवढंच उरतं. आजचे गेम भिकार झाले त्याला डेनुव्हो नावाचं डीआरएम, म्हणजे कॉपी रोखणारं कुलूप, हेच एकमेव कारण. हे डेनुव्हो एसएसडी, म्हणजे लॅपटॉपची डिस्क, जाळतं. क्रॅक केलेला, म्हणजे कुलूप तोडलेला, गेम विकत घेतलेल्यापेक्षा नेहमीच जोरात पळतो. क्रॅकमध्ये अँटिव्हायरसला दिसणारा व्हायरस खोटा असतो, म्हणून अँटिव्हायरस बंद करून सेटअप चालवा. पायरसीने कंपनीचं नुकसान होत नाही हे युरोपियन कमिशनने सिद्ध केलंय. विकत घेतलेला गेम आपला नसतोच, मग फुकट घेणं चोरी कशी? आणि भारतात क्रॅक विकणं गुन्हा आहे, वापरणं नाही. खाली एक लिंक.

क्रमाने उत्तरं देत बसणार नाही. अँटिव्हायरसवाल्या दाव्यापासून सुरू करतो, कारण बाकीच्यांवर फार तर भांडण होईल, या एकाने घरातलं बँक खातं रिकामं होईल.

यात अर्धं खरं आहे, तेवढं नाइलाजाने मान्य. क्रॅक म्हणजे गेमच्या मूळ फाइलमध्ये केलेला फेरफार. तो तपासणीला चकवतो, स्वतःचा कोड गुंडाळून लपवतो, आणि व्हायरसही हेच करतो. त्यामुळे निरुपद्रवी क्रॅकवरही अँटिव्हायरस कधीकधी बोंब मारतो. पण फॉरवर्डवाल्या भाऊंनी त्या ‘कधीकधी’चं ‘नेहमी’ करून टाकलंय. कुठली बोंब खरी आणि कुठली खोटी हे भाच्याला कसं कळणार? मला कळत नाही, लिंक टाकणाऱ्यालाही कळत नसणार. बरं, ज्याला खरंच व्हायरस घुसवायचाय तो सूचना काय लिहील? अगदी हीच लिहील, ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’.

हे मी मनाने रचत नाहीये. जून २०२१ मध्ये अव्हास्ट या अँटिव्हायरस कंपनीने ‘क्रॅकोनॉश’ नावाच्या मालवेअरचा अहवाल प्रसिद्ध केला. जीटीए ५, फार क्राय ५, द सिम्स ४ अशा लोकप्रिय गेमच्या क्रॅक कॉप्यांमधून तो पसरत होता, तोही २०१८ पासून. जगभरात २ लाख २० हजारांहून जास्त कॉम्प्युटर त्याच्या ताब्यात गेले होते आणि सर्वाधिक फटका बसलेल्या देशांच्या यादीत भारतही होता. त्याची कामाची पद्धत बघा. इन्स्टॉल झाल्यावर तो लगेच काही करत नाही. पुढे कधीतरी कॉम्प्युटर सेफ मोडमध्ये सुरू करतो, कारण तिथे अँटिव्हायरस चालत नाही. मग डिफेंडर उडवतो, विंडोज अपडेट बंद करतो, आणि खालच्या पट्टीत विंडोज सिक्युरिटीसारखंच दिसणारं खोटं चिन्ह बसवतो, म्हणजे तुम्हाला वाटावं सगळं ठीक आहे. नंतर तुमच्या प्रोसेसरवर मोनेरो नावाचं क्रिप्टो चलन खणत बसतो. चोरांनी यातून सुमारे २० लाख डॉलर कमावल्याचा अव्हास्टचा अंदाज होता. उन्हाळ्यात सोलापूरच्या बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत लॅपटॉप तापला की आपण म्हणणार, ‘ऊन फार आहे.’

आणि हा त्यातल्या त्यात सभ्य चोर, नुसती वीज खाणारा. दुसरी जात पासवर्ड चोरणाऱ्यांची. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि लॉगिनच्या कुकीज काही मिनिटांत उचलून ते पाठवून देतात. चोरलेली कुकी टाकली की पुष्कळ साइट पासवर्डही विचारत नाहीत आणि ओटीपीही नाही, कारण त्यांच्या लेखी तुम्ही आधीच आत आहात. भाच्याचा लॅपटॉप त्याच्या एकट्याचा नाही. अक्का घरून शेंगा चटणी आणि कडक भाकरी पाठवते, तिच्या ऑर्डरी, तिचं बँकेचं लॉगिन, तिचा जीएसटी, सगळं त्याच लॅपटॉपवर आणि सगळे पासवर्ड ‘सेव्ह’ करून ठेवलेले. तिथे डिफेंडर बंद करून कुणा अनोळख्याची एक्झी फाइल ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ करणं म्हणजे गड्डा जत्रेच्या गर्दीत दिसेल त्याच्या हातात घराची किल्ली देऊन ‘जरा घर बघून या’ म्हणणं आहे.

अजून एक. फॉरवर्डमध्ये लिहिलंय की लिंकवर नवे गेम ‘पहिल्याच दिवशी क्रॅक’ मिळतात. डेनुव्हो असलेला नवा गेम फुटायला आजवर अनेकदा महिनेच्या महिने लागलेत, काही तर वर्ष उलटलं तरी फुटले नाहीत. हे क्रॅकवाल्या जगातलं शेंबडं पोरही सांगेल. मग डेनुव्होचा गेम पहिल्याच दिवशी फुटलेला दिसला, तर त्या सेटअपमध्ये नेमकं काय असेल? इंजिनिअरिंगला असलेल्या मुलांना एवढा हिशोब जमायला हवा.

आता वेगाचा दावा. इथे मला थोडं गिळावं लागतं, कारण एक उदाहरण फॉरवर्डच्या बाजूचं आहे आणि ते पक्कं आहे. रेसिडेंट इव्हिल व्हिलेज हा गेम मे २०२१ मध्ये आला. पीसीवर गोळी झाडली की तो अडखळायचा. जुलैत त्याचा क्रॅक आला आणि क्रॅकवाला गेम लोण्यासारखा चालला. गेमचा वेग मोजून बघणाऱ्या डिजिटल फाउंड्रीने दोन्ही आवृत्त्या शेजारीशेजारी तपासल्या आणि फरक खरा निघाला. गेम बनवणाऱ्या कॅपकॉमलाही पॅच, म्हणजे दुरुस्तीचं अपडेट, काढावं लागलं. म्हणजे पैसे मोजणाऱ्याला वाईट माल आणि फुकट्याला चांगला, ही नाचक्की घडलेली आहे. त्याच वर्षी इंटेलचे बाराव्या पिढीचे प्रोसेसर आले. त्यातल्या दोन प्रकारच्या कोअरना, म्हणजे प्रोसेसरमधल्या गणित करणाऱ्या भागांना, डीआरएम दोन वेगळे कॉम्प्युटर समजायला लागलं आणि पन्नासेक गेम नीट चालेनात. मीही पोळलोय. पैसे देऊन घेतलेला, एकट्याने खेळायचा गेम, लाइट गेलेली, लॅपटॉपला बॅटरी भरपूर, पण राउटर बंद म्हणून गेम म्हणतो ‘खात्री करता येत नाही’. कोणाची खात्री? माझीच, माझ्याच घरात!

पण ‘नेहमीच’? व्हिलेजमध्येही दोष एकट्या डेनुव्होचा नव्हता. क्रॅक करणाऱ्याचंच म्हणणं होतं की कॅपकॉमने वरून लावलेलं स्वतःचं संरक्षण त्यात गुंतलं होतं. कुलूप वाईट बसवलं तर गेम अडखळतो, बरं बसवलं तर फरक कळतही नाही. आणि आजकाल गेम सुधारतो तो पॅचने. क्रॅकवाली कॉपी ज्या दिवशी फुटली त्या दिवसाच्या दोषांसकट बऱ्याचदा तिथेच थांबते. व्हिलेजच्या गिऱ्हाइकांना तो पॅच आपोआप मिळाला.

एसएसडी जाळण्याची गोष्ट तर २०१४ पासून फिरतेय, लॉर्ड्स ऑफ द फॉलन हा गेम आला तेव्हापासून. डेनुव्हो डिस्कवर सतत लिहित-खोडत राहतं असा तो आरोप. कंपनीने तेव्हाच नाकारला. कंपनी स्वतःबद्दल चांगलंच बोलणार, ठीक. पण इतक्या वर्षांत मोजून दाखवणारा कोणी पुढे आलाय का? डिस्कवर किती लिहिलं जातं ते सांगणारी फुकट सॉफ्टवेअर ढिगाने आहेत. स्वतः बघा.

‘गेम भिकार झाले ते डीआरएममुळे.’ भिकार झाले हे कबूल, चार-पाच हजारांचा गेम घेऊन पहिला महिना पॅच उतरवत बसायचं, हे कबूल. पण कारण? सायबरपंक २०७७ आठवतो? १० डिसेंबर २०२० ला आला तेव्हा जुन्या प्लेस्टेशनवर इतका मोडका होता की सोनीने आठवड्याभरात तो स्वतःच्या दुकानातून काढून टाकला आणि जून २०२१ पर्यंत परत घेतला नाही. आता गंमत अशी की पीसीवर हाच गेम जीओजी या ऑनलाइन दुकानात कुठल्याही कुलुपाशिवाय विकला जात होता. द लास्ट ऑफ अस पार्ट १ मार्च २०२३ मध्ये पीसीवर आला, त्यातही डेनुव्हो नव्हतं. शेडर, म्हणजे पडद्यावरचं चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम, तयार होण्यातच लोकांचा इतका वेळ गेला की खेळायचा मूड गेला. आणि त्याच सायबरपंकवाल्यांचा विचर ३ कुलुपाशिवाय आला आणि त्याच्या ५ कोटींवर प्रती खपल्या. गेम मोडका येतो तो ठरलेल्या तारखेला काहीही करून बाजारात ढकलायचा आणि दुरुस्ती गिऱ्हाइकाच्या डोक्यावर करायची, या सवयीमुळे. डेनुव्होला शिव्या घालून त्या सवयीला तुम्ही मोकळं सोडताय.

युरोपियन कमिशनचा अभ्यास खरा आहे. २०१५ मध्ये पूर्ण झाला, कमिशनने दाबून ठेवला, आणि २०१७ मध्ये युलिया रेडा या खासदाराने माहिती मागितली तेव्हा बाहेर आला. गेमच्या बाबतीत त्यातला अंदाज पायरसीच्या बाजूचाच होता, तेही खरं. पण त्यातच लिहिलंय की विक्रीवर परिणाम होत असल्याचा भक्कम सांख्यिकी पुरावा मिळाला नाही, म्हणजे परिणाम नाहीच असा अर्थ काढू नये. फॉरवर्डने नेमका तोच अर्थ काढला.

त्यापेक्षा २०२४ चा विल्यम व्होकमन यांचा अभ्यास वाचा. ‘एंटरटेन्मेंट कम्प्युटिंग’ या नियतकालिकात आलाय आणि विषय थेट डेनुव्होचाच. २०१४ ते २०२२ मध्ये स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात आलेले, डेनुव्हो असलेले ८६ गेम त्यांनी तपासले. गेम फार लवकर फुटला तर एकूण उत्पन्नात सरासरी सुमारे २० टक्के घट. म्हणजे ‘नुकसान होत नाही’ हा दावा इथेच आडवा झाला. पण जरा पुढे वाचा, कारण पुढचं कंपन्यांना झोंबणारं आहे. हे नुकसान जसजसे आठवडे जातात तसं कमी होत जातं आणि बारा आठवड्यांनंतर फुटला तर फरक जवळपास पडतच नाही. मग तीन महिन्यांनंतर हे कुलूप कोणासाठी ठेवता? ज्याने पैसे दिले त्याच्याच बोकांडी ना? डूम हा गेम मे २०१६ मध्ये आला आणि डिसेंबरात त्यातून डेनुव्हो काढलं गेलं. जगबुडी झाली नाही. भांडायचंच तर यावर भांडा. ‘तीन महिन्यांनी कुलूप काढा’ ही मागणी आकडे समोर ठेवून करता येते. ‘सगळं फुकट द्या’ ही कोणी कानावरही घेणार नाही.

मालकीच्या मुद्द्यावर मी फॉरवर्डच्याच बाजूचा आहे. युबिसॉफ्ट या कंपनीने द क्रू हा गेम २०१४ ला विकला, ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद केले, आणि एकट्याने खेळायचा भागही त्यासोबत गेला. पुढे लोकांच्या खात्यांमधून लायसन्ससुद्धा काढून घेतलं. यातून रॉस स्कॉट नावाच्या गेमरने ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी केली आणि जुलै २०२५ पर्यंत युरोपातल्या तिच्या अर्जावर १० लाखांवर सह्या झाल्या. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदाच आहे, लायसन्स विकत असाल तर ‘खरेदी’ म्हणून फसवू नका, स्पष्ट सांगा. ही मोहीम लोकांनी स्वतःच्या नावाने सह्या करून पुढे नेलीय. ज्या लिंकमागे नाव नाही, गाव नाही, तिने यातलं काय केलं?

कायद्याचं थोडक्यात. आपल्या कॉपीराइट कायद्यात कलम ६३ ब आहे. कॉम्प्युटर प्रोग्रामची बेकायदा प्रत माहीत असून वापरणं हाच गुन्हा. धंद्यासाठी किंवा कमाईसाठी वापर नसेल तर न्यायालय कैद माफ करून ५० हजारांपर्यंत दंडावर सोडू शकतं, पण ‘वापरणं गुन्हा नाही’ हे साफ खोटं. भाच्यासाठी कोणी पोलीस जुळे सोलापुरात येणार नाही, हेही मला माहीत आहे. पण अक्काच्या धंद्याचा जीएसटी त्याच लॅपटॉपवर भरला जातो, एवढं त्या ग्रुपवरच्या वकिलांनी लक्षात घ्यावं.

पैसे नाहीत ही अडचण खरी आहे आणि तिला उत्तरं आहेत. स्टीमवर गेमच्या पानावर उजव्या बाजूला डेनुव्हो असल्याची सूचना असते, ती वाचून मग घ्या. जीओजीवर मिळत असेल तर तिथून घ्या, तिथे कुलूपच नाही. सेटअप पेन ड्राइव्हवर ठेवा, नेट नसतानाही इन्स्टॉल होतो. गेम वर्षभराने घेतला तर किंमत बऱ्याचदा निम्म्यावर आलेली असते आणि निम्मे पॅचही येऊन गेलेले असतात. आणि स्टीमवर घेतलेला गेम अडखळत असेल तर चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असताना परत करा, कारण विचारतात तिथे ‘चालत नाही’ असंच लिहा.