कोकणपट्टीचं वेळापत्रक वेगळं

हिवाळी फुलझाडांवरच्या तुमच्या लेखातलं 'सप्टेंबरात बी पेरा, पॅन्सी आणि स्वीट पी लावा' हे पुणे-नाशिकला ठीक. रत्नागिरी-मालवणकडे तेव्हा पाऊस पुरता गेलेला नसतो, मागोमाग ऑक्टोबरचं ऊन. त्या दमटात रोपं बुडाशी काळी, बारीक होऊन आडवी पडतात. ती बुरशी, खत वाढवून काही होत नाही. बी ऑक्टोबरअखेर, पाऊस उघडल्यावरच टाकावं. ट्रेमध्ये कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) नि गांडूळखत ३:१, पाणी सकाळीच. पिटुनियाचं बी धुळीसारखं. त्यावर माती घालायची नाही, हलकेच दाबून फवारा मारायचा. रुजायला उजेड लागतो त्याला. चार-सहा पानं आली की रोप हलवा. जांभ्याची माती आम्लधर्मी, पाणीही धरत नाही, तेव्हा कुंडीत एक तृतीयांश कुजलेलं शेणखत हवंच. किनाऱ्यावर रात्रीचा पारा १५ अंशांखाली क्वचितच जातो, म्हणून थंडी मागणाऱ्या पॅन्सीचा हट्ट सोडा. झेंडू, झिनिया, अ‍ॅस्टर घ्या. अगदी समुद्राकाठी खाऱ्या वाऱ्याने पानं कडेने करपतात, तिथे सदाफुली नि ऑफिस टाइमची फुलं बरी. अबोलीचं नाव लेखात कसं नाही, हे मात्र कळलं नाही.