कारागृहातल्या मृत्यूची चौकशी कारागृहाच्याच कागदांवर कशी काय होते?

तुरुंगात कुणी दगावल्याची बातमी आली की खाली ठरलेल्या प्रतिक्रिया येतात. "चोरच होता की." "बरं झालं, सरकारचा खर्च वाचला." आपल्या सांगलीतली, साताऱ्यातली, चांगली शिकलेली माणसं हे लिहितात. मी विजयनगरच्या कोर्टात फौजदारी वकिली करतो. त्यामुळे हे वाचून गप्प बसवत नाही.

आधी एवढं लक्षात घ्या की जिल्हा कारागृहात बहुतेक सगळे कच्चे कैदी असतात. खटला चालू असतो, गुन्हा शाबित झालेला नसतो. काहींचा जामीन मंजूर झालेला असतो, पण सातबारा घेऊन उभा राहणारा जामीनदार मिळत नाही, म्हणून ते आत असतात. उद्या तुमच्या घरातला कुणी भावकीच्या भांडणात खुनाच्या प्रयत्नाच्या गुन्ह्यात अडकला, तर तोही त्याच बराकीत झोपणार.

कायदा काय म्हणतो? पूर्वी कोठडीतल्या मृत्यूची चौकशी तहसीलदार किंवा प्रांत करायचे. 2005 च्या दुरुस्तीने फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम 176(1अ) आलं आणि ही चौकशी न्यायदंडाधिकाऱ्याकडे गेली. 1 जुलै 2024 पासून तेच कलम, जुन्या संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 196 म्हणून आहे. पोलीस कोठडी असो की न्यायालयीन, मृत्यू झाला की न्यायदंडाधिकारी चौकशी करणार, 24 तासांत मृतदेह सिव्हिल सर्जनकडे तपासणीला जाणार, नातेवाइकांना कळवून चौकशीला हजर राहू देणार. शिवाय राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाला 24 तासांत कळवायचं, हा नियम 1993 पासूनचा आहे. शवविच्छेदनाचं चित्रीकरण करण्याची सूचनाही आयोगानं 1995 मध्येच दिलेली आहे.

कागदावर हे उत्तम आहे. आता प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो.

एका पक्षकाराचं प्रकरण माझ्याकडे होतं. जिल्हा सांगत नाही, नावही नाही. मधुमेही माणूस, इन्सुलिनवर. आई दर मुलाखतीला डॉक्टरांची चिठ्ठी आणि औषधं घेऊन जायची. कधी आत जायची, कधी "साहेब नाहीत" म्हणून परत यायची. एके दिवशी फोन आला, "छातीत दुखायला लागलं, सिव्हिलला हलवलं, या." मी शवागाराच्या व्हरांड्यात पोचलो तेव्हा बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. हातात औषधांची पिशवी तशीच. एक हवालदार त्यांना सांगत होता, "मावशी, इथं अंगठा द्या म्हणजे बॉडी लवकर मिळंल." कागदावर लिहिलं होतं की मृत्यूबाबत कुणावरही संशय नाही, तक्रार नाही. शवविच्छेदन अजून व्हायचं होतं!

पुढची चौकशी कशावर झाली? कारागृहाच्या वैद्यकीय रजिस्टरवर, कारागृहाच्या कर्मचाऱ्यांच्या जबाबांवर आणि त्याच बराकीतल्या बंद्यांच्या जबाबांवर. या शेवटच्या जबाबांबद्दल थोडं बोलतो, कारण सगळा खेळ तिथेच होतो. रात्री तो किती वाजता ओरडत होता, पहारेकऱ्याला हाक मारली तेव्हा कोण आलं, गाडी कधी आली, हे फक्त शेजारी झोपलेल्यालाच माहीत असतं. त्याचा जबाब कारागृहातच, अधिकारी दाराशी उभे असताना होतो. जबाब देऊन तो त्याच बराकीत परत जाणार असतो. तोच पहारा, तीच मुलाखतीची रांग, त्याच साहेबांच्या सहीवर त्याचा सिव्हिलचा नंबर. कोण खरं बोलेल? "मी झोपलो होतो" हेच सगळ्यांचं उत्तर. माझा त्या बंद्यांवर राग नाही. त्यांना कोर्टात बोलावून, कर्मचाऱ्यांना बाहेर ठेवून विचारायला हवं होतं, आणि मागणी केल्यास दुसऱ्या कारागृहात हलवायला हवं होतं.

कॅमेऱ्यांचंही तेच. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2020 मध्ये पोलीस ठाण्यांतलं चित्रीकरण किमान वर्षभर जपायला सांगितलं, पण तो आदेश ठाण्यांसाठी आहे. कारागृहात मृत्यू झाला की त्या बराकीचं चित्रीकरण त्याच दिवशी सीलबंद होऊन न्यायदंडाधिकाऱ्याकडे गेलं पाहिजे. नाहीतर महिन्याभरात "पुसलं गेलं" हे ठरलेलं उत्तर मिळतं.

"आजारानं मेला त्यात चौकशी कसली" असंही म्हणतात. आजारानं मेला हे ठरवायचं कुणी? एप्रिल 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने धोरण मंजूर केलं: मारहाण, वैद्यकीय हलगर्जी, अपघात यांत बंदी मेला तर वारसांना 5 लाख, आत्महत्या असेल तर 1 लाख, नैसर्गिक मृत्यूला काही नाही. धोरणाचं मी स्वागत करतो. पण आता मृत्यू कोणत्या खान्यात पडतो यावर त्या घराचे पैसे ठरणार आणि अधिकाऱ्याची नोकरीही. इन्सुलिन न मिळाल्याने गेलेला माणूस "हृदयविकार" या खान्यात सहज बसतो. ज्यांच्या ताब्यात तो मेला त्यांच्या रजिस्टरवरून हा निर्णय होता कामा नये. अमेरिकेत टेक्सासने 2017 च्या कायद्याने ठरवलं की काउंटी जेलमधल्या, म्हणजे तिथल्या जिल्हा तुरुंगातल्या, मृत्यूचा तपास ते जेल चालवणाऱ्या यंत्रणेने नव्हे, बाहेरच्या यंत्रणेने करायचा. आपल्याकडे हे करायला कुणी अडवलंय?

आणि चौकशी झाल्यावर अहवालाचं काय? यावर कलम 196 काहीच बोलत नाही. अहवाल किती दिवसांत द्यायचा, घरच्यांना प्रत द्यायची का, दोष आढळला तर गुन्हा कुणी नोंदवायचा, काही नाही. परभणीत डिसेंबर 2024 मध्ये कायद्याचा एक विद्यार्थी न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. शवविच्छेदनात मृत्यूचं कारण अंगावरच्या अनेक जखमा असं आलं, दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत पोलिसांवर ठपका आला. तरी गुन्हा नोंदवण्यासाठी जुलै 2025 मध्ये उच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला, आणि त्याविरुद्ध राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथं सरकारचं म्हणणं टिकलं नाही. पण प्रत्येक आईला तिथवर जाणं जमतं का?

आपण सांगलीकरांनी तरी हे विसरू नये. नोव्हेंबर 2017 मध्ये आपल्याच शहरातल्या पोलीस ठाण्यात एका तरुणाचा जीव गेला, "आरोपी पळाला" असं सांगितलं गेलं आणि मृतदेह आंबोलीत जाळला गेला. घरचे हटले नाहीत, लोक रस्त्यावर आले, म्हणून ते उघड झालं. जिल्हा कारागृहाच्या भिंतीआड रस्त्यावरचा कुणी बघत नाही. तिथं फक्त नियमच बघू शकतात.

कुणावर ही वेळ आली तर शवविच्छेदनाआधी कशावरही सही-अंगठा देऊ नका. न्यायदंडाधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करा: चौकशीला हजर राहू द्या, चित्रीकरण आणि वैद्यकीय रजिस्टर जप्त करा, शवविच्छेदनाच्या चित्रीकरणाची प्रत द्या. अर्जाची पोच घ्या. ज्यांच्या घरी असे जुने कागद पडून आहेत, त्यांनी ते घेऊन कोर्टात मला गाठा. वाचायचे पैसे घेणार नाही. अहवालाला मुदत आणि घरच्यांना प्रत, या दोन मागण्यांसाठी उच्च न्यायालयात जायची तयारी आम्ही काही वकील करतोय, त्यासाठी ते कागद लागणार आहेत.